कोरडी वीट

थावरू मिस्त्री उदबत्ती लावल्याखेरीज न्हाणीघर कोणाच्याही ताब्यात देत नसे. काम संपले, फरशी धुतली, बिगारी पाट्या-फावडी आवरू लागले की तो सायकलच्या पिशवीतून पुडा काढी. एक काडी पेटवून आत जाई, दार लावून घेई आणि धुराकडे पाहत उकिडवा बसे. धूर कोठून चढतो, कोठे घुटमळतो, कोठून बाहेर पडतो, एवढेच त्याला पाहायचे असे. घरमालक बाहेर नारळ, टॉवेल आणि टोपी घेऊन उभा असे. बांधकाम पुरे झाले की आमच्याकडे मिस्त्रीला हा आहेर करतात. धूर मनासारखा गेला नाही तर थावरू आहेराला हात लावीत नसे. छन्नी-हातोडा घेऊन पुन्हा आत जाई.

लोक थट्टा करीत. "मिस्त्री, न्हाणीत कोणता देव बसवून राहिले?" असे कोणी विचारले की तो म्हणे, "वारा." 

तो साखऱ्याकडच्या एका तांड्यावरचा. त्याचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून मुलूख फिरत. याने थापी हाती धरली. उंच, काळा, खांद्याने किंचित डावीकडे झुकलेला. डोक्याला मळका टॉवेल बांधलेला. बिडी ओढी, पण कामाच्या जागी नाही. चालू कामावर चहा घेत नसे. चहा घेतला की मालकाची चूक मालकाला सांगायला जीभ रेटत नाही, असे त्याचे म्हणणे होते.

मी भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होतो. तीस वर्षे लोकांच्या बांधांवर उभा राहिलो. दोन भावांमधला हातभर तुकडा कोणाचा, हे मी ठरवीत असे आणि दोघेही गप्प बसत. थावरू मला पहिल्यांदा भेटला तो नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, सेनगावात मी दोन खोल्या बांधल्या तेव्हा. पाया मी स्वतः आखून दिला होता. त्याने दोरी लावली, काटकोन पाहायचा गुण्या धरला, आणि मान हलवली.

"कोपऱ्यात दोन इंचाचा फरक हाय, सायेब."

"शक्य नाही," मी म्हणालो. "टेप सरकारी आहे."

"टेप बराबर हाय. तुमीच वाकडे उभे होते."

बिगारी हसले. मी पुन्हा मोजले. दोन इंचांचा फरक होता. त्या दिवसापासून तो मला 'मोजणीसायेब' म्हणू लागला. त्या शब्दात आदर किती आणि टोमणा किती, याची मोजणी मला कधी करता आली नाही.

विटेच्या बाबतीत तो कठोर होता. दोन विटा एकमेकींवर वाजवून आवाज ऐकी. बद्द वाजली की फेकून देई. प्रत्येक वीट हौदात बुडवून, तिच्यातून बुडबुडे यायचे थांबल्यावरच भिंतीत जाई. एकदा एका बिगाऱ्याने घाईने कोरडी वीट हातात दिली. थावरूने ती त्याच्यासमोर धरली.

"ही तहानलेली हाय. भिंतीत घातली का सिमेंटचं सगळं पानी पिऊन घेईल. मंग सिमेंट हिला धरत न्हाई. उद्या एक लाथ मारली का बाहेर. कोरडी वीट लावनाऱ्याच्या हाताला म्या थापी देत न्हाई. समजलं का?"

"समजलं, मामा."

"मंग जाय. बुडव तिला. सोताबी बुडी मार, डोकं थंड व्हईल."

मी हे ओट्यावर बसून ऐकले. पुढे याच वाक्याने मला हादरवले, म्हणून ते शब्दशः लक्षात आहे.

त्यानंतर काही वर्षांनी हिंगोलीला मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, एका अडत्याने नवे घर बांधले. वास्तुशांतीच्या जेवणाला मी गेलो होतो. बांधकाम थावरूचे होते. फरशा आणि टाइल मात्र अडत्याने दुसऱ्या कारागिराकडून बसवून घेतल्या होत्या. न्हाणीघर पाहायला पाहुण्यांची रांग लागली होती. जमिनीपासून छतापर्यंत गुलाबी टाइल, मधे मोठा आरसा. पंगत बसायच्या बेताला थावरू आहेर घ्यायला आला. नेहमीप्रमाणे म्हणाला, "आधी उदबत्ती लावतो." आत गेला आणि लगेच बाहेर आला.

"शेठ, म्या ठेवलेली वाऱ्याची जाळी कुठाय?"

"आरशाच्या मागं. दिसाया बराबर दिसत नव्हती."

थावरू वळला. अंगणात गेला, सायकलच्या पिशवीतून छन्नी आणि हातोडा घेऊन आला. आम्ही दहा-बारा माणसे तेथे उभी होतो. कोणाला काही कळायच्या आत त्याने आरसा काढून भिंतीला टेकवला आणि टाइलवर पहिला घाव घातला. गुलाबी तुकडे फरशीवर उडाले. बायका ओरडल्या. चौथ्या घावाला पलीकडचा उजेड दिसला.

अडत्याने येऊन त्याच्या कानशिलात मारली. सर्वांसमक्ष. आवाज माडीपर्यंत गेला असेल.

थावरूने गालाला हातही लावला नाही. "आनखी मारा, शेठ," तो म्हणाला. "पन हे भोक बुजवू नका. लेकरं न्हातेत इथं."

तो आहेर न घेता गेला. पंगतीत त्याच्याच वेडाची चर्चा झाली. मीही त्याला वेडा ठरवले. माणसाने मालकाच्या घरात मालकाच्या मर्जीविरुद्ध हातोडा चालवावा, हे माझ्या बुद्धीला पटणारे नव्हते. ज्याची जागा त्याचा निर्णय, या एका तत्त्वावर मी पोट भरले होते.

तरीही पुढे मी त्यालाच बोलावले. कारण त्याचा ओळंबा खोटे बोलत नसे.

हिंगोली जिल्हा होऊन तीन-चार वर्षे झाली होती. मी निवृत्त झालो होतो. माझी मुलगी वैशाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. आमची न्हाणी अंगणात, पत्र्यांच्या आडोशाची, वर उघडी. शेजारी चुलीवर हंडा. शहरात राहणाऱ्या मुलीला तेथे अंघोळ करायला लावणे बरे दिसले नसते. शिवाय जावयांनी पाणी तापवायला गॅसचा गिझर पाठवला होता. म्हणून पक्के न्हाणीघर बांधायचे ठरले. भिंती, स्लॅब, कमरेपर्यंत टाइल.

जागा कोपऱ्यातली होती. मागची भिंत शेजाऱ्याच्या हद्दीवर, एका बाजूला स्वयंपाकघर. मोकळी भिंत एकच, अंगणाकडची, जिला दार येणार होते. शेजाऱ्याकडे खिडकी काढणे मला मान्य नव्हते. दुसऱ्यांनी तसे केल्यावर मी तीस वर्षे हरकती लिहून घेतल्या होत्या.

थावरूने जागा पाहिली. बराच वेळ उभा राहिला.

"दोन भोकं लागतेत, सायेब. एक खाली, एक वर. खालून वारा आत येईल, वरून गरम बाहेर जाईल. वरचं भोक स्लॅबातून काढू. सिमेंटची नळी लावू, तिच्यावर टोपी बसवू."

"पावसाळ्यात गळेल."

"गळलं तर मला बोलवा. गळलेलं दुरुस्त करता येतं."

"नळी नको. दाराच्या वर भिंतीत पंखा बसवू. हवा बाहेर फेकणारा. हिंगोलीला मिळतो."

"पंखा लाईटीचा नोकर हाय. लाईट रोज जाते. ती गेली का नोकरबी गेला."

"आली की येईल."

 मग त्याने खालच्या भोकाची जागा दाखवली. दाराच्या चौकटीला लागून, गुडघ्याच्या उंचीवर, एका विटेएवढे. माझा संताप अनावर झाला. अंगणात मी बसतो, पोस्टमन येतो, गावचे लोक येतात. तेथे न्हाणीघराच्या भिंतीला भोक?

"वाकडी जाळी बसवतो. बाहेरून काई दिसत न्हाई."

"दिसण्याचा प्रश्न नाही. माझ्या घरात न्हाणीला भोक राहणार नाही. साप-विंचवाला वाट कशाला?"

"साप दिसतो, सायेब."

या बोलण्याचा अर्थ मी विचारला नाही. मी त्याला इतकेच सांगितले की आता चूल नाही, लाकूड नाही, धूर होणारच नाही. त्याने माझ्याकडे पाहिले.

"धूर दिसला असता तर बरं होतं. निखाऱ्यालाबी धूर नसतो. दिसत न्हाई तेच वाईट असतं."

माझी पत्नी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "मिस्त्री म्हणतात तर ऐका एकदा."

मी ऐकले नाही. भिंत चढवताना त्याने भोक मात्र सोडलेच. ते त्याच दिवशी बुजवावे, असे मी बजावले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले तर भिंत सपाट होती. आतून टाइल, बाहेरून गिलावा आणि चुना. मी बोट फिरवून पाहिले. समाधान झाले. दाराची कडी मात्र त्याने विचित्र खाली, मांडीच्या उंचीला लावली होती.

"कडी इतक्या खाली काय म्हणून?"

"लेकराचा हात पोचावा म्हनून."

दारही बाहेर उघडणारे केले होते. म्हणाला, आत माणूस पडला तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाला अडते. ते मला पटले.

शेवटच्या दिवशी उदबत्ती झाली. पंखा चालू असताना धूर वर गेला. मग त्याने मला आत बोलावले आणि बटण बंद केले. धूर छताखाली थांबला. हळूहळू खाली उतरू लागला. आमच्या दोघांच्या डोक्यांभोवती तो पसरला तेव्हा मी दार उघडून बाहेर आलो.

"पाहिलं?" तो म्हणाला.

"लाईट येईल," मी म्हणालो.

त्याने माझ्या पत्नीच्या हातातल्या ताटाकडे पाहिले. नारळ, टॉवेल, टोपी. हात जोडले. "राहू द्या, माय. अजून काम बाकी हाय." आणि सायकलवर बसून गेला. जाता जाता स्वयंपाकघराच्या दाराशी तिच्याशी दोन शब्द बोलला, ते मी दुरून पाहिले. काय बोलला ते मी विचारले नाही. तो अपमान मी गिळला, असे मला त्या वेळी वाटले.

वैशाली थंडीत बाळंत झाली. मुलगी झाली. आमच्या भागात बाळंतिणीला वारा लागू देत नाहीत. दारे-खिडक्या बंद ठेवतात, फटीत चिंध्या कोंबतात, कानाला फडके बांधतात, खाटेखाली शेगडी ठेवतात. मालीश करणारी गयाबाई रोज येई. तिने दुसऱ्याच दिवशी तक्रार केली.

"बापू, त्या पंख्याच्या जाळीतून वारं येऊन राहिलंय. ओल्या बाळंतिनीला बाधल. तिथं काई तरी लावा."

पंखा बंद असला की त्याच्या पात्यांमधून खरोखरच थंड झोत येत असे. सकाळी भारनियमन. अंघोळीच्या वेळी पंखा बहुधा बंदच. मी स्टूल घेतले. माझ्या पेटीत जुन्या नकाशांचे जाड कापड होते, कागद उखडून गेलेले. त्याची घडी करून मी पंख्याच्या भोकात ठासली. कोपरे बोटाने दाबले. दाराच्या खालच्या फटीला ओले पोते लावण्याची व्यवस्थाही मीच लावून दिली. काम नीट केले. मी कोणतेही काम नीटच करीत असे.

नववा दिवस होता. गयाबाईने मालीश केली, माय-लेकींना न्हाऊ घातले आणि बाळाला गुंडाळून धुरी द्यायला आतल्या खोलीत नेले. वैशालीला अजून दोन तांबे कढत पाणी अंगावर घ्यायचे होते. मी अंगणात वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. मी बसलो होतो म्हणून तिने आतून कडी लावून घेतली.

पाण्याचा आवाज येत होता. बादली भरून वाहू लागल्याचा आवाज आला. तो तसाच येत राहिला.

पत्नीने स्वयंपाकघरातून हाक मारली. "वैशू, झालं का गं?" पुन्हा मारली. मी म्हणालो, "येईल." तिसऱ्या हाकेला तिचा आवाज बदलला. मी उठलो. दारावर थाप मारली. पाणी वाहत होते, गिझर घुमत होता, आणि माणसाचा आवाज नव्हता.

दार बाहेर उघडणारे. धक्का देऊन उपयोग नव्हता. जितके ढकलावे तितके चौकटीत बसत होते. ओढायला मूठही पुरेशी नव्हती. मी पहार आणायला मागच्या पडवीत धावलो. माझे वय तेव्हा साठच्या पुढे होते. पहार शेणीच्या ढिगामागे होती. ती काढायला मला किती वेळ लागला, ते मी अजून मोजतो.

परत आलो तेव्हा पत्नी दारासमोर जमिनीवर बसली होती. दोन्ही हात मागे टेकून, भिंतीवर टाचा मारीत होती. तिचे भान सुटले, असे मला वाटले. तिसऱ्या टाचेला भिंतीतली एक वीट आत गेली. आत टाइल फुटल्याचा आवाज झाला. भिंतीत वीतभर भोक पडले. तिने खांद्यापर्यंत हात आत घातला. बांगड्या फुटल्या. कडी सरकल्याचा आवाज आला आणि दार उघडले.

वैशाली फरशीवर पडली होती. ओठ उघडे होते. आम्ही दोघांनी तिला ओढून अंगणात आणले. पत्नीने आपल्या लुगड्याचा पदर तिच्यावर टाकला. अंगणात शेजारी जमले होते, पोस्टमनही होता. मला त्याचे काही वाटले नाही. मुलीचे तोंड उघड्या हवेत होते, आणि तिने श्वास घेतल्याचे मी पाहिले.

जीपमधून हिंगोलीला नेले. प्राणवायू लावला. संध्याकाळी तिने बाळाला मागितले. डॉक्टर म्हणाले, "गिझरचा विषारी वायू आत कोंडला होता. आणखी थोडा वेळ गेला असता तर..." आणि त्यांनी ते वाक्य पुरे केले नाही. मीही करीत नाही.

घरी आल्यावर मी ती वीट उचलली. एकाही अंगाला सिमेंटचा कण नव्हता. कोरडी होती. मातीत नुसती टेकवलेली. टाइलही चिकणमातीवर बसवलेली. बाहेरच्या गिलाव्यावर, अगदी तिच्या मधोमध, अंगठ्याचा ठसा होता. तो तुकडा पत्नीने जपून ठेवला होता. आयुष्यभर मी कागदावर शेतकऱ्यांचे अंगठे घेतले. माझ्या अंगणातला, माझ्या खुर्चीसमोरचा अंगठा मला दिसला नाही.

"तुला ठाऊक होतं?" मी विचारले.

"जाताना सांगून गेले होते. म्हणाले, माय, अंगठा जिथं दिसतो तिथं टाच मारा. भोकातून वारा जाईल अन् हातबी जाईल. कडी तिथंच लावलीय."

"मला का सांगितलं नाहीस?"

ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही सिमेंट भरलं असतं."

मी वीट खाली ठेवली. 

मी स्टूलावर चढून पंख्यातले कापड स्वतः काढले. चार दिवसांनी आहेर पिशवीत घालून तांड्यावर गेलो. साखऱ्याच्या फाट्यापर्यंत जीप, पुढे चालत. थावरू घरी नव्हता. बैलाला पाणी पाजायला गेला होता. त्याची बायको धर्मीबाई हिने बाज टाकली, पाणी दिले. मी बसलो आणि समोर पाहिले.

घराच्या बाजूला पक्क्या विटांच्या चार भिंती होत्या. न्हाणीघर. सांधे इतके सरळ की माझी दोरी लाजावी. दार सागाचे, चौकटीत असे बसलेले की कागद आत जाऊ नये. वर मात्र स्लॅब नव्हता. काठाला तुटके काँक्रीट आणि गंजलेल्या सळया आकाशाकडे वाकलेल्या.

मला बोलण्याची सवय नाही. त्या दिवशी आनंदात होतो, म्हणून थट्टा केली. "काय बाई, मिस्त्री साऱ्या तालुक्याची घरं पुरी करतात आणि स्वतःचा स्लॅब अर्धवट?"

धर्मीबाईने पदर सावरला.

"अर्धवट न्हाई, सायेब. फोडलाय."

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"आमची सोनी पयल्या बाळंतपनाला आली व्हती. तांड्यावर अशी न्हानी कोनाचीच नव्हती. ह्यांनी दीड महिना खपून बांधली. म्हने, माज्या पोरीला वाऱ्याची झुळूक लागू देनार न्हाई. लोक बघाया यायचे, दाराला हात लावून बघायचे. पाचव्या दिशी आत शेगडी ठेवली, निखारे लाल झालेले, धूर न्हाई काई न्हाई. पोरगी शेकत बसली. दार लावलं." तिने त्या सागाच्या दाराकडे पाहिले. "लेकरू माज्याजवळ व्हतं, ते वाचलं. ते तिच्या सासरी हाय."

मग ती म्हणाली, "दहावा झाला त्या दिशी हे वर चढले. घन घेऊन. दोन दिवस फोडत व्हते. कोनाला हात लावू दिला न्हाई. तवापासून आमी त्याच्यातच अंघोळ करतो. पाऊस आला तर पावसात."

मी उन्हात बसलो होतो.  मोंढ्यातली ती कानशिलात बसलेली थप्पड मला ऐकू आली. मला ती इतक्या वर्षांनी ऐकू आली.

थावरू आला. मला पाहून थांबला. माझ्या तोंडावर काय होते कोण जाणे, त्याने नमस्कारही केला नाही.

"कोन?" त्याने विचारले.

"वैशाली. वाचली. वीट..." 

त्याने बैलाच्या पाठीवर हात ठेवला.  बैलाने कातडी हलवली.

"भोक परत बुजवलं का?"

"नाही."

"मंग बरं हाय."

मी पिशवी पुढे केली. त्याने पाहिली, घेतली नाही. "अजून उदबत्ती बाकी हाय, सायेब."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. सायकलच्या कॅरिअरला सिमेंटची नळी आडवी बांधलेली. दिवसभर तो एकटाच स्लॅबवर छन्नी चालवीत होता. मी काहीही सुचवले नाही. वैशाली बाळाला घेऊन दाराशी आली. "काका," एवढेच म्हणाली आणि रडू लागली. त्याने खाली पाहिले.

"पोरगं का पोरगी?"

"पोरगी."

"थंडीत उभी राहू नको. आत जाय. हां, पन खिडकी उघडी ठेव."

संध्याकाळी नळी बसली, तिच्यावर टोपी बसली. खालच्या भोकाला त्याने वाकडी जाळी केली, ती हाताने उचलून काढता येईल अशी. मग काडी पेटवली.

"पंखा बंद करा, सायेब. दार लावतो."

कडी लागली. मी अंगणात उभा राहिलो. आतून आवाज नव्हता. मी नळीच्या टोपीकडे पाहत होतो, पण उजेड कमी झाला होता, धूर दिसेना.

"मिस्त्री?"

उत्तर नाही.

"मिस्त्री, झालं का?"

उत्तर नाही. शेजारी भिंतीवरून डोकावत होते. माझे गुडघे त्या वयात वाकत नसत. मी जमिनीवर बसलो. जाळी काढली. हात आत घातला, कोपरापर्यंत, मग दंडापर्यंत. बोटांना कडीचे थंड लोखंड लागले. तेवढ्यात माझ्या मनगटाजवळून आवाज आला, अगदी शांत.

"पोचला का हात?"



"पोचला," मी म्हणालो.

"कडी सरकते?"

मी सरकवली. "सरकते."

"मंग झालं काम."

दार उघडून तो बाहेर आला. बोटांत उदबत्तीची बारीकशी काडी उरली होती. पत्नीने ताट पुढे केले. त्याने टोपी पिशवीत टाकली, नारळ बाळासाठी ठेवला, डोक्याचा मळका टॉवेल सोडून नवा बांधला. मी अजून जमिनीवरच होतो. माझा हात भिंतीत होता.

"उठा आता, मोजणीसायेब," तो म्हणाला. "लोक बघून राहिले."

तो सायकल घेऊन फाटकाबाहेर पडला. त्या दिवसानंतर तो मला पुन्हा कधी भेटला नाही. रस्त्याच्या वळणापर्यंत तो पांढरा टॉवेल दिसत होता. वळण आले, आणि मग मी भिंतीतून हात काढला.